अडखळली तर बघायचं न्हाय

आमच्या बीएडच्या बॅचच्या ग्रुपवर परवा मेसेज आला. मगदूम सर रिटायर व्हायलेत, कॉलेज गौरव अंक काढतंय, प्रत्येकानं सरांबद्दल दोन ओळी टाका, फोटो असला तर फोटो. पाच मिनिटांत पंधरा-वीस जणांनी टाकलं पण. 'आमचे दीपस्तंभ.' 'सरांमुळे घडलो.' एकीनं तर नुसते जोडलेले हात टाकले, आठ. मी टाइप करायला बसलो आणि दोन ओळींत काय बसेना. मग म्हणलं ग्रुप राहू दे, इथंच लिहितो, सगळंच लिहितो. कंटाळा आला तर सोडा मधीच. पण मगदूम सर हा दोन ओळींचा माणूस न्हाय.

दिसायला म्हणाल तर काय न्हाय. बेताची उंची, पांढरा हाफ शर्ट, केस एवढे बारीक कापलेले की डोक्याला पॉलिश पेपर मारल्यागत. आवाज कधी चढायचा न्हाय. आणि तिथंच आमची वाट लागायची. ओरडणाऱ्या मास्तरची मला भीती न्हाय, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलोय, आमच्यात जेवायला या म्हणून हाक मारली तरी भांडण लागल्यागत वाटतं. सर ओरडायचे न्हाईत. सर बघायचे. तुम्ही बोलत असला की त्यांचं लक्ष तुमच्या बोलण्यावर नसायचंच, बोलताना तुमचा पाय कसा हलतोय, हात कुठं जातोय, तिकडं असायचं. आणि मग ते म्हणायचे, "नोंद घेतली." चांगलं केलं तरी नोंद घेतली, वाईट केलं तरी नोंद घेतली. शाबास हा शब्द मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत ऐकला न्हाय.

विषय होता अध्ययन उपपत्ती. म्हणजे माणूस शिकतो कसा ह्याबद्दल कुणी कुणी काय काय शोधून ठेवलंय ते. घंटा ऐकून लाळ गाळणारं कुत्रं, कळ दाबली की दाणा पडतो हे कळलेला उंदीर, खोक्यावर खोकं रचून केळी काढणारं माकड. बाकीच्या कॉलेजात हे गाइडमधनं पाठ करतात आणि पेपरला ओकतात. सर तसलं करायचे न्हाईत. सर ते आमच्यावर करून दाखवायचे.

पहिल्याच आठवड्यात ते वर्गात कागदाची पुडी घेऊन आले. त्यात फुटाणे. प्रश्न विचारला, रणजितनं बरोबर उत्तर दिलं, तर सर त्याच्या बाकापाशी गेले आणि त्याच्या वहीवर एक फुटाणा ठेवला. एक. सगळे हसले. रणजित म्हणजे एमए झालेला, तालमीत जाणारा, मिशा पिळणारा गडी. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खाल्ला. दुसऱ्या दिवशी दहा हात वर. चौथ्या दिवशी सगळा वर्ग. खरं सांगतो, मला फुटाणे आवडत पण न्हाईत, दाढेत अडकतात, तरी मला तो एक फुटाणा पाहिजे होता. मग सर कधी द्यायला लागले, कधी न्हाय. तर आम्ही जास्तच हात वर कराय लागलो. आणि महिन्याभरानं एक दिवस ते रिकामी पुडी घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि तास घेतला. रिकाम्या पुडीसमोर आम्ही चाळीस पदवीधर हात वर करून बसलेलो. तास संपताना त्यांनी पुडी उलटी करून झटकली.

"उंदराला इतके दिवस लागत नाहीत," सर म्हणाले. "पण तुमच्यात डिग्रीचा अडथळा आहे."

लई हसलो आम्ही. बाहेर येऊन कट्ट्यावर पण हसलो. असला मास्तर आपल्याला कुठं मिळाला असता, असं मीच म्हणालो होतो.

आणि शिकवायचे म्हणजे नादच न्हाय. पाच वर्षं झाली, मला अजून सगळं आठवतं. कॉलेजचे शिपाई तुकाराममामा, त्यांना पण सरांनी सोडलं न्हाय. सर डस्टरनं टेबल दोनदा वाजवायचे आणि मामा चहा घेऊन आत यायचे. एक शब्द न्हाय. कैक वर्षं हेच चाललेलं. सर आम्हाला अभिमानानं दाखवायचे, बघा, भाषेशिवाय शिक्षण. एकदा रणजितनं मामांना डिवचलं, मामा, तुम्हाला सरांनी कुत्र्यागत तयार केलं की. मामांनी तंबाखू मळतच उत्तर दिलं.

"खुळा हायस. मी किटली घिऊन दारात उभारलो की त्ये टेबल बडवत्यात. मी उभारलोच न्हाय तर बडवत न्हाईत. आता शिकलं कोण?"

आम्ही हे सरांना सांगितलं. वाटलं हसतील. ते हसले न्हाईत. म्हणाले, नोंद घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासनं त्यांनी चहाच सोडला. एवढ्या वर्षांचा चहा, एका दिवसात. मामा बरेच दिवस किटली घेऊन दारात उभारायचे आणि परत जायचे. तेव्हा मला ते विनोदीच वाटलं होतं. आता वाटतं तिथंच कळायला पाहिजे होतं, की ह्या माणसाला दुसऱ्याला बदलायची एवढी सवय हाय की त्यालाच कुणी बदललंय म्हणलं तर तो स्वतःची जीभ कापून ठेवील.

आता केळ्याचं. केळ्याचं सांगायलाच पाहिजे, कारण सगळं तिथनं सुरू झालं.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट, मर्मदृष्टी शिकवायची होती. म्हणजे धडपड करत न बसता एकदम डोक्यात उजेड पडतो ते. सरांनी वर्गातल्या पंख्याच्या पात्याला सुतळीनं केळ्याचा घड बांधला, बाकं-खुर्च्या सगळ्या बाहेर काढल्या आणि म्हणाले, काढा. नियम एकच, बाहेरनं काय आणायचं न्हाय. झालं. चाळीस जण उड्या. रणजित दोघांच्या खांद्यावर चढला, तिघं मिळून पडले. कुणी चप्पल मारली. कुणी ओढणीचा फास केला. सर कोपऱ्यात उभारून पाय बघायलेत आमचे. अर्धा तास गेला. आणि मागं भिंतीला टेकून उभारलेली शुभांगीताई सरळ दाराकडं गेली आणि तिनं पंख्याचं बटण दाबलं.

दुसऱ्या मिनिटाला केळी चारी दिशांना. एक सरांच्या शर्टवर.

शुभांगीताई आमच्यात सगळ्यात मोठी, तिशी ओलांडलेली. मलकापूरच्या जवळच्या खेड्यातली. मालकांचं दूध संकलन केंद्र, सहा वर्षांची मुलगी सासूजवळ ठेवलेली, आणि ही कसबा बावड्यात दोन पोरींबरोबर खोली घेऊन बीएड करायली. का, तर मलकापूरच्या शाळेतले गणिताचे मास्तर रिटायर व्हायचे होते आणि ती जागा हिला पाहिजे होती. बाकी कुठलीच न्हाय, तीच. घरच्यांनी दोन वर्षं दिलेली, तेवढ्यात झालं तर झालं, न्हाय तर परत दुधाच्या कॅनवर. गावात ओसरीवर पोरांच्या शिकवण्या घ्यायची, तिच्या हातची पोरं गणितात कधी नापास न्हाईत, असं तिच्या गावचे लोक सांगायचे. आम्हाला पण कट्ट्यावर गणित समजवायची, आणि लई भारी समजवायची.

फक्त अडखळायची. पोरांसमोर न्हाय, आमच्यासमोर थोडं, आणि मोठ्या माणसांसमोर लई. म, प, क असलं अक्षर आलं की तिथंच अडकायची, मान एका बाजूला जायची, आणि मग शब्द सुटायचा.

केळं शर्टवरनं काढत सरांनी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? ती म्हणाली, "प-प-प..." आणि अर्ध्या वर्गानं वाक्य पुरं केलं, पंखा बघून सर. सगळे हसले. ती पण हसली, तिला सवय होती.

सर हसले न्हाईत. ते बघत होते. तिच्याकडं न्हाय, आमच्याकडं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू करायच्या आधी ते म्हणाले की आज प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शुभांगीताईला वाटलं आपल्याला बाहेर जायला सांगतील, ती उठली. सर म्हणाले, बसा, तुमच्याबद्दलच आहे, तुम्ही ऐकायला हरकत नाही. आणि मग त्यांनी फळ्यावर समजावून सांगितलं. अडखळणं हे वर्तन हाय. कुठलंही वर्तन टिकतं, कारण त्याला कायतरी मिळत असतं. ही अडखळली की तुम्ही माना पुढं काढता, दया दाखवता, हसता, वाक्य पुरं करून देता. म्हणजे फुटाणे कोण द्यायलंय? तुम्ही द्यायलाय. ते बंद करा. अडखळलेल्या वाक्याला उत्तर न्हाय, नजर न्हाय, काय न्हाय. सरळ आलेल्या वाक्याला लगेच उत्तर, लगेच टाळी. ह्याला विलोपन म्हणतात. मिळणं बंद झालं की वर्तन मरतं.

मग त्यांनी तिला विचारलं, हे जावं असं तुम्हाला वाटतं ना?

"व्हय सर," ती म्हणाली. सरळ म्हणाली. "जाईल व्हय?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी होती हे मला आठवतंय, कारण मला लई भारी वाटलं होतं. पुस्तकातली उपपत्ती, डोळ्यासमोर, आपल्या माणसासाठी. आणि खरं सांगायचं तर सरांनी जाताना असं पण सांगितलेलं की जो कोण नियम मोडेल त्याचा प्रत्येक वेळी अंतर्गत एक मार्क जाईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं ते संक्रांत होऊन गेली तरी चालू होतं. वर्गात, कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये. ती अडखळली तर बघायचं न्हाय. पहिले दोन दिवस आम्हालाच हसू यायचं. तिसऱ्या दिवशी जमायला लागलं. माणसाला काय पण जमतं. समोरचा माणूस बोलतोय आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय, ह्याच्यात अवघड फक्त पहिल्या वेळी वाटतं.

एकदा कॅन्टीनमध्ये पाण्याचा जग माझ्याजवळ होता. ती समोर बसलेली, जेवताना ठसका लागला. हात पुढं करून म्हणाली, "प-प-पा..." माझ्या हातात जग होता, मी उचलला पण होता. मागच्या टेबलावर सर दही-भात खात बसलेले. मी जग खाली ठेवला. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली आणि मग उठून नळावर गेली. सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली एवढीशी. आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं न्हाय.

आणि मग जानेवारीतली ती गोष्ट. भर तासात तिचा फोन थरथरला, ती बाहेर गेली आणि दारात परत येऊन उभारली. तोंड पांढरं पडलेलं. "स-स-सर, मु-मु-मु..." सर फळ्याकडं वळले आणि लिहीत राहिले. आम्ही वह्यांत बघत राहिलो. तिनं परत सुरू केलं. परत अडकली. मग तिनं बॅगेतनं कागद काढला, त्याच्यावर लिहिलं आणि सरांसमोर धरला. सरांनी तो न वाचता परत दिला. म्हणाले, लेखी नको.

ती बाहेर व्हरांड्यात गेली. आम्हाला दिसत होतं, भिंतीकडं तोंड करून ती पुटपुटत होती. ओठ हलायलेत, मान बाजूला जायलीया, परत पहिल्यापासनं. किती वेळ, मला सांगता येणार न्हाय, पण सरांनी तेवढ्यात अख्खा फळा भरून पुसला होता. मग ती दारात आली.

"मुलगी दवाखान्यात हाय. जाते मी."

एक अक्षर अडलं न्हाय.

सरांनी खडू ठेवला आणि टाळी वाजवली. मग आम्ही सगळ्यांनी वाजवली. चाळीस जण टाळ्या वाजवायलेत आणि ती दारात बॅग छातीशी धरून उभारलीया, मुलगी दवाखान्यात असलेली बाई, आणि तिला कळेना की आता गेलं तर चालेल का टाळ्या संपेपर्यंत थांबायला पाहिजे. ती थांबली. मग गेली. सर आमच्याकडं वळून म्हणाले की हेतू तीव्र असला की प्रतिसाद कसा सुधारतो ते बघा, आणि उरलेला अर्धा तास त्याच्यावर घेतला. मी नोट्स काढल्या. चांगल्या अक्षरात.

मुलगी बरी झाली, टायफॉइड होता. शुभांगीताई आठ दिवसांनी परत आली. आणि त्यानंतर कैक महिने ती अडखळलेली मी बघितली न्हाय.

कारण ती बोलायचीच बंद झाली. एकदम न्हाय, हळूहळू. आधी लांब वाक्यं गेली. मग दोन शब्दांवर आली, 'हो सर', 'झालं', 'नको'. मग मान. कट्ट्यावर गणित समजवायची ते पण वहीवर लिहून, पेनानं बाण काढून. कसबा बावड्यातल्या तिच्या खोलीतल्या पोरी सांगायच्या की घरी पण गप्प असते, फोनवर मुलीशी बोलायला म्हणून गच्चीवर जाते, दार लावून घेते. सरांनी त्यांच्या वहीत आलेख काढलेला, आम्हाला दाखवला. अडखळण्याची रेघ सरळ खाली जमिनीला टेकलेली. रणजित म्हणाला, सर, पण ती बोलतच न्हाय. तेवढा एकच माणूस बोलला आमच्यात, आणि ते पण दात काढत.

सर त्याच्या पायाकडं बघत म्हणाले, "आपण काय मोजत होतो?"

मार्चमध्ये वार्षिक पाठ आले. हे म्हणजे शेवटची परीक्षा, खऱ्या शाळेत खऱ्या पोरांना अख्खा तास शिकवायचं, आणि मागच्या बाकावर बाहेरच्या परीक्षक बाई वही घेऊन बसणार. पाठात नापास तर वर्ष गेलं. शुभांगीताईचा पाठ कसबा बावड्यातल्या शाळेत, सहावीचा वर्ग, क्षेत्रफळ. मी साहित्य मांडायला मदतीला होतो. मला वाटलं आज हिचं काय खरं न्हाय.

ती आत आली. एक शब्द बोलली न्हाय. फरशीवर खडूनं एक मोठा आयत काढला. मग जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे कापलेले चौकोन, त्यांचा ढीग मधी ठेवला. फळ्यावर लिहिलं, 'किती बसतील?' आणि बाजूला होऊन उभारली.

मग एक पोरगी म्हणाली, वीस. दुसरा म्हणाला, वीस कुठलं, डोळं हाईत का बटणं. झालं, पोरं फरशीवर. चौकोन मांडायलेत, भांडायलेत, तुझा तिरका बसलाय, माझा न्हाय तुझा. कुणी तिच्याकडं बघून विचारलं, मॅडम बरोबर का, तर ती नुसतं बोटानं दुसऱ्या पोराकडं दाखवायची, त्याला विचार. एका पोरानं सगळे मांडायच्या आधीच ओरडून सांगितलं की सगळे मांडायची गरजच न्हाय, ह्या बाजूचे आणि त्या बाजूचे गुणले की झालं. तिनं त्याच्या हातात खडू दिला. त्या पोरानं फळ्यावर सूत्र लिहिलं. कुणी शिकवलेलं न्हाय, त्याचं त्यानं काढलेलं.

परीक्षक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. तास संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की इतकी वर्षं ज्ञानरचनावाद, ज्ञानरचनावाद म्हणतोय आपण, मूल स्वतः ज्ञान रचतं, शिक्षकानं मधी यायचं नसतं, पण आज पहिल्यांदा तो बघितला. ही शिक्षिका एका शब्दानं मुलांच्या आड आली नाही. केवढा संयम. त्यांनी शुभांगीताईला जवळ घेतलं आणि सगळ्यात जास्त मार्क दिले.

सर मागं उभारलेले. आणि तुम्हाला सांगतो, सरांना ज्ञानरचनावादाचा एवढा राग की बास. मास्तरनं खुर्चीत बसून पगार घ्यायचा त्याला रचनावाद म्हणतात, असं ते उघड म्हणायचे. पण त्या दिवशी बाईंनी विचारलं की हे कुणी तयार केलं हिला, तर सर दोन पावलं पुढं आले. म्हणाले, माझी विद्यार्थिनी आहे.

मी साहित्य आवरताना तिला विचारलं, ताई, हे असलं सुचलं कसं? कुणी जवळ न्हाय बघून ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बोलले असते तर अडकले असते." बास. संयम बियम काय न्हाय. भीती होती ती. एवढी भीती की तिच्यातनं एक सुंदर पाठ तयार झाला, आणि भीती काढून टाकली असती तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कळायचं न्हाय.

जूनच्या आधी मलकापूरच्या शाळेत मुलाखती लागल्या. दोन जागा, गणिताची आणि विज्ञानाची. गणिताला ती, विज्ञानाला मी. आत संस्थेचे सचिव, हेडमास्तर, आणि विषयतज्ज्ञ म्हणून मगदूम सर. मला तर सर बघून हायसं वाटलं. ताईला म्हणालो, आता काळजी नको, आपलं माणूस हाय आत.

दार अर्धं उघडं होतं, मी बाहेर बाकावर. सचिवांनी तिचे मार्क वाचले आणि खूश झाले. म्हणाले बसा बाई, तुमची ओळख करून द्या, कुठलं गाव, गणित कसं शिकवता, सांगा बघू. मग आत शांतता. खुर्ची करकरली. ती म्हणाली, "शुभांगी." एवढंच. सचिव म्हणाले, पुढं. पुढं काय आलं न्हाय. तिला फळा दिला असता, पोरं दिली असती, तर तिनं तासाभरात सगळ्यांची तोंडं बंद केली असती. पण मुलाखतीत खुर्ची असते आणि समोर तीन माणसं.

हेडमास्तर म्हणाले, पोरानं शंका विचारली तर काय करणार बाई, शिट्टी मारणार? सचिव हसले. मग त्यांनी सरांना विचारलं, सर, तुमची विद्यार्थिनी, तुमचं मत काय?

मी बाहेर बाक धरून बसलेलो. मला वाटलं आता सर सांगतील. काय सांगायचं ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं, आलेख त्यांच्याकडं होता.

"लेखी काम उत्तम," सर म्हणाले. "तोंडी प्रतिसाद शून्य. मी शिफारस करू शकत नाही."

खोटं काय बोलले? काहीच न्हाय. त्यांनी समोर दिसलं ते सांगितलं.

मला त्याच दिवशी सांगितलं, जूनपासनं या. मी आता तिथंच शिकवतो. गणिताच्या जागेवर सांगलीकडचे एक मास्तर हाईत, भडाभडा बोलतात, पोरांना काय कळत न्हाय. शुभांगीताई मालकांच्या केंद्रावर असते, दूध मापून घेते. शाळेसमोरनं कधी कधी जाताना दिसते, मान हलवते, मी पण हलवतो.

पण सरांचं शेवटचं राहिलं. मुलाखत झाल्यावर आम्ही तिघं मलकापूरच्या स्टँडवर आलो. सर आणि मी कोल्हापूरच्या गाडीला, ती तिच्या गावच्या जीपची वाट बघत. दुपारची वेळ, रत्नागिरीकडनं येणाऱ्या गाड्या भरून यायल्या. ती लांब उभारलेली. मग चालत आली आणि सरांच्या समोर उभारली, अगदी समोर.

"स-सर," ती म्हणाली. "मा-मा-मा..."

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. मान बाजूला गेलेली, गळ्याची शीर ताठ. सरांनी नजर काढली आणि वेळापत्रकाच्या फलकाकडं बघायला लागले. रागानं न्हाय. शांतपणे, शिस्तीत. ती थांबली, श्वास घेतला, परत पहिल्यापासनं. "मा-मा-माझं..." सर फलक वाचायलेत. ती तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा गाडी लागली. लोक घुसले. सर चढले, मागनं मी चढलो, सरांनी माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली. खिडकीतनं ती दिसत होती, जागची हलली न्हवती, ओठ हलत होते. काय म्हणायचं होतं तिला ते मला कळलं होतं. माझं काय चुकलं. तीनच शब्द होते. खिडकी उघडून मी म्हणू शकलो असतो, ताई, तुझं काय न्हाय चुकलं. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी रस्त्याला लागल्यावर सरांनी रुमालानं मान पुसली आणि माझ्याकडं बघितलं. पायाकडं न्हाय, तोंडाकडं. पहिल्यांदाच.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "आपणहून सुरुवात केली. प्रगती आहे."

"व्हय सर," मी म्हणालो.

बांबवडं यायच्या आधीच त्यांना झोप लागली. झोपेत तोंड उघडं, एका बाजूनं लाळेचा बारीक थेंब, एकदम म्हातारे दिसायला लागले. गाडी वळणं घेईल तसं त्यांचं डोकं सरकत सरकत माझ्या खांद्यावर आलं. मला मुंग्या आल्या, हात बधीर झाला. पण कोल्हापूर येईपर्यंत मी खांदा हलवला न्हाय.